सवाष्णीच्या ताटातला मासा

दासपूर, २ ज्येष्ठ

बाबा,

प्रणाम. मी अनादि. तुम्ही गेलात तेव्हा माझं अक्षर वेगळं होतं, आता ओळखू येणार नाही, म्हणून नाव आधीच लिहिलं. तुमचा जुना नंबर लागत नाही. नवा नंबर तुमच्या कारखान्यातल्या रबीदाकडे आहे, पण मागितला की म्हणतो, "निताईकाकांना विचारून देतो," आणि विचारत नाही. म्हणून राजकोटच्या दागिन्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिहितो आहे. पत्ता बरोबर असावा.

पैशासाठी लिहीत नाही, हे पहिल्यांदा सांगतो. मी हरिसाधन डाक्टरांच्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात बाटल्यांवर औषधांची नावं लिहितो. आठवीनंतर शाळा सुटली, तरी त्यांचा माझ्या लिहिण्यावर विश्वास आहे. आमचं दोन वेळचं भागतं.

विषय माचा आहे. फाल्गुनापासून संध्याकाळी तिचे पाय सुजतात. बोटानं दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. हरिसाधनबाबूंनी खळगा पाहिला आणि गोळ्या न देता घाटालला न्यायला सांगितलं. तिथल्या डाक्टरीण बाईंनी रक्त, लघवी सगळं तपासलं. किडनी थकत चालली आहे म्हणाल्या. अजून वेळ गेलेली नाही, पण जायला लागली आहे.

त्यांनी विचारलं, "मासा किती खाता?"

मा म्हणाली, "सवाष्ण खाते तेवढा."

"सवाष्ण म्हणजे काय वजनाचं माप आहे का? किती?"

मा माझ्याकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं. दुपारी रुई माशाचा मोठा तुकडा नाहीतर डोकं, रात्री पुन्हा, आणि एकादशीला सवाष्णीनं मासा चुकवू नये म्हणून सकाळीसुद्धा. बाई पेन ठेवून माच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याही इथल्याच, त्यांना कळलं. म्हणाल्या, "नवऱ्याच्या आयुष्यासाठी एवढं खाताय, स्वतःच्या आयुष्याचं काय? मासा, मटण, अंडी कमी करत जा. मीठ कमी. ताटात आधी पालाभाजी, मग भात, मग उरलंच पोट तर मासा. एकदम सोडू नका, एकदम सोडणारे महिन्यात परत येतात. आठवड्याला एक जेवण बिनमाशाचं, मग दोन. हळूहळू."

बसमध्ये मा खिडकीकडे तोंड करून बसली. दासपूरचं वळण आल्यावर म्हणाली, "तुझा बाप परमुलखात. खबर नाही, बात नाही. आणि मी बिनमाशाचं ताट घेऊन बसू? लोक काय समजतील? आणि लोकांचं सोड, वरचा काय समजेल?"

बाबा, तुम्ही असताना ती रात्री मासा खात नव्हती. रात्री तिला दूधभात आवडायचा. तुमचा फोन बंद झाला तेव्हापासून रात्रीचा मासा सुरू झाला.

तुमची ताई, चपलापिशी म्हणते की नवऱ्यानंच सांगितलं तर सवाष्णीला दोष लागत नाही. तेवढं एक करा. एक ओळ लिहून पाठवा, "मासा कमी कर, त्यानं माझं काही बिघडत नाही." खाली सही. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

अनादि


दासपूर, २८ ज्येष्ठ

बाबा,

पत्र पोचलं असेल असं धरून चालतो. टपाल कधी कधी लांबतं.

तुमची ओळ येईपर्यंत थांबू नये असं मला वाटलं, कारण माच्या चपलांचे पट्टे आता संध्याकाळी लागत नाहीत. म्हणून मी पिशीकडे गेलो. अंगणाच्या उत्तर बाजूला तिची वेगळी चूल तुम्हीच घालून दिली होती, ती विधवा होऊन परत आली तेव्हा. त्या चुलीवर तिनं जन्मभर एकटीचं निरामिष रांधलं. घरात दुसऱ्या कुणाला केळफुलाची भाजी धड जमत नाही.

मी म्हटलं, "पिशी, शनिवारी रात्री माला तुझ्याकडचं जेवण दे."

तिनं उलथनंच उगारलं. "माझ्या चुलीवरचं? विधवेच्या चुलीवरचं अन्न सवाष्णीला? माझा भाऊ जिवंत आहे रे अजून, मेल्या!"

मी डाक्टरीणबाईंचा कागद वाचून दाखवला. पिशीला कागदातलं काही कळलं नाही, पण तिनं तो दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ शेवग्याचा पाला खुडत बसली. शेवटी तोडगा तिनंच काढला. तिची चूल नाही आणि माचीही नाही, मधे ओसरीवर तिसरी चूल. नवी कढई. रांधणार पिशी, वाढणार मी.

शनिवारी तिनं शुक्तो केलं, कारलं, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, वरून दुधाचा हात. आणि केळफूल. मा पाटावर बसली खरी, पण पहिला घास हातात धरून थांबली. माझ्याकडे पाहिलं, पिशीकडे पाहिलं, मग म्हणाली, "ताटात एक कडेला ठेव. खात नाही. नुसता असू दे."

म्हणजे मासा. मी दुपारचा एक लहान तुकडा आणून ताटाच्या काठाला ठेवला. पिशी तोंड फिरवून, नाकाला पदर लावून उभी राहिली. मग माचं जेवण सुरू झालं. शुक्तो दोनदा घेतलं. केळफूल बोटांनी पुसून खाल्लं.

"दिदी," ती म्हणाली, "एवढं चांगलंचुंगलं एकटीच खात होतीस होय इतकी वर्षं?"

"तू आली होतीस का कधी माझ्या पाटाशी, बौ? वास आला तरी दार ओढून घ्यायचीस."

"तुझ्याच भावासाठी ओढायचे."

"हो ना. मग आता भावाच्याच नावानं जेव."

शेवटी मानं माशाचा एक कण नखावर घेऊन जिभेला लावला आणि उठली. बाकी मांजरीला.

बाबा, ती जेवली. तुमची ओळ आली तर तो कणही लागणार नाही.

अनादि


दासपूर, १९ श्रावण

बाबा,

शिलाई नदी यंदाही अंगणात आली. तुम्हाला माहीतच आहे, पाणी आलं की आपल्याकडे भाजी बुडते आणि मासा दाराशी येतो. परसातली दोडकी, भोपळ्याचा वेल, पिशीचा लाल माठ, सगळं पाण्याखाली. बाजाराची वाट बंद. आणि चुलीजवळच्या पायरीवर कवळ्या मासळीचा नुसता लखलखाट. लोक टोपल्यांनी धरत होते. आठवड्याला तीन रात्री आणि दोन दुपारी बिनमाशाच्या, इथवर मी माला आणलं होतं, आणि आता खायला मासाच तेवढा.

मा पायरीवर बसून म्हणाली, "बघ, देवच सांगतोय."

पिशी माळ्यावर चढली. तिथून तिनं काय काय काढलं ते लिहितो, कारण तुम्हाला हसू येईल. वाळवलेले कच्च्या आंब्याचे तुकडे, मागच्या पौषातले उडदाचे सांडगे, डाळीच्या वड्या, खसखशीची पुरचुंडी, आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेले सुरणाचे दोन कांदे. "विधवेला पुरात कोण भाजी आणून देतं? मी दर वर्षी साठवते," ती म्हणाली. मी डोंगी घेऊन शाळेच्या बाजूला गेलो, तिथे पाण्यावर कलमीचा पाला तरंगत होता. तो मणभर मिळाला. पाणी असेपर्यंत आम्ही कलमी आणि सांडगे खाल्ले. मा पण.

आता ताटाच्या काठाचा मासा लहान झाला आहे. आधी रुईचा तुकडा होता, मग अर्धा, मग खवल्यासकट एक पुटी, करंगळीएवढी. मी रोज सर्वांत बारीक निवडतो. मा तो कुठे आहे हे आधी डोळ्यांनी शोधते, मगच जेवते.

पाणी उतरल्यावर घाटालला गेलो. डाक्टरीणबाई खूश होत्या. "हळूहळू चाललंय, हेच बरोबर," म्हणाल्या. घरी येऊन मी पिशीला तेच सांगितलं. ती भाकरीएवढी मोठी सुरणाची चकती कापत होती. न थांबता म्हणाली, "छान. मला बाई कुणी हळूहळू नाही सांगितलं. सकाळी घरात इलिश मासा तळत होते, संध्याकाळी माझी थाळी वेगळी झाली. इलिशचा वास केसांना होता तो दोन दिवस गेला नाही."

मा तेव्हा खांबाशी टेकून पाय वर करून बसली होती. त्या दिवसापासून ती पिशीला भाजी चिरू लागते. मसूर डाळ मात्र पिशी त्या चुलीवर अजून शिजवू देत नाही. तिच्या लेखी मसूरही आमिषच, माशामटणात धरायची. मा म्हणते, "डाळीला डोळे आहेत का, काटे आहेत का?" आणि रोज तेवढ्यावरून दोघींचं जुंपतं.

इलिशचा विषय निघाला म्हणून लिहितो. यंदा इलिश स्वस्त होता, मी आणला नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही. तुम्ही काटे काढून द्यायचात, दिव्याकडे धरून, सोन्याची तार ओढता तशी एक एक तार ओढून. त्यानंतर मला काढता आले नाहीत. दोनदा काटा घशात अडकला. मग मी इलिश खाणंच सोडलं. लोकांना सांगतो आवडत नाही.

तुमची ओळ अजून आलेली नाही.

अनादि


दासपूर, विजयादशमीनंतर चौथा दिवस, आश्विन

बाबा,

विजयेचा प्रणाम घ्या. हे पत्र मी एकदा लिहून फाडलं आहे.

नवमीला दुर्गापूजेच्या मंडपात सगळ्या बायका जेवायला बसल्या होत्या. माच्या पानात मैद्याची लुची, भोपळ्याची भाजी. पलीकडून बेरांच्या मोठ्या सुनेनं मान लांब केली. "काय गं शेफाली, आजकाल तुझ्या पानात मासा दिसत नाही? काही खबर आली की काय निताईची? आली असेल तर सांग बाई, सवाष्णींच्या सिंदूरखेळाला उगाच..."

मानं वाढप्याला हाक मारली, मटण घेतलं, दोनदा घेतलं. दशमीला सिंदूर खेळून आली तेव्हा कपाळ, गाल, नाक सगळं लाल. तशीच बसून तिनं माशाचं डोकं खाल्लं, मोठ्यानं चोखून, दार उघडं ठेवून, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल असं. पिशी आपल्या चुलीशी जाऊन बसली. तिसरी चूल त्या दिवसापासून थंड आहे.

आज माचा चेहराही सुजला आहे. डोळ्यांखाली.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. रबीदा पूजेला गावी आला आहे. एकादशीच्या संध्याकाळी मी त्याला बांधावर गाठलं आणि नंबर मागितला. त्यानं उगाच विडी पेटवली, विझवली. मग म्हणाला, "भाई, नंबर घेऊन काय करशील? उचलणार तीच." मी विचारलं, ती कोण. त्यानं सांगितलं. नाव सरोज. तिकडचीच. घरही तिचंच. तुम्हाला एक मुलगी आहे, शाळेत जाते, हेही सांगितलं.

मला राग आला असं लिहावं असं वाटतं, पण पहिल्यांदा जे मनात आलं ते वेगळंच होतं. तुम्ही जिवंत आहात. धडधाकट आहात, सकाळी कारखान्यात जाता. मी ज्या पत्त्यावर लिहितो तिथे खरंच कुणीतरी आहे. मी रबीदाला विचारलं, माझी पत्रं मिळतात का? तो म्हणाला, "मिळतात. कामाच्या पाटाखालच्या खणात आहेत. जेवायच्या सुट्टीत काका काढून वाचतात. पुन्हा ठेवतात. आम्ही काही विचारत नाही."

मग ओळ का लिहीत नाही, बाबा? तुम्हाला वाटत असेल, ओळ गेली की त्यामागून माणूस मागतील. मी माणूस मागणार नाही. वाटलं तर कोऱ्या कार्डावर नुसती ती ओळ लिहा, खाली पत्ता नको, सही नको. मा तुमचं अक्षर ओळखते.

मी माला काही सांगितलेलं नाही. सांगू शकत नाही. सांगितलं तर तिच्या कपाळावरचं काय होईल मला माहीत नाही. नाही सांगितलं तर ती तुमच्यासाठी डोकी चोखत राहणार आणि तिची किडनी जाणार. दोन्हीकडून माझ्याच हातात आहे आणि मला काही सुचत नाही. दवाखान्यात काल प्रथमच चुकीच्या बाटलीवर नाव लिहिलं. हरिसाधनबाबूंच्या वेळीच लक्षात आलं.

उत्तर लिहा.

अनादि


दासपूर, ६ कार्तिक

बाबा,

हे पत्र नीट वाचा. जसं झालं तसंच लिहितो.

रबीदा परवा राजकोटला परतणार म्हणून काल निरोप घ्यायला आला. मी दवाखान्यातून यायच्या आत आला, नाहीतर त्याला बाहेरच गाठलं असतं. मी फाटकातून शिरलो तेव्हा तो ओसरीवर बसला होता, पुढ्यात मुरमुऱ्यांची वाटी. मा खांबाशी. पिशी थोडी लांब, तांदूळ निवडत.

मा म्हणाली, "अनादि, बस. तुझ्यासमोरच विचारते, म्हणजे पुन्हा कुजबुज नको." मग रबीदाकडे वळून म्हणाली, "ती मासा खाते का रे?"

रबीदाच्या हातातले मुरमुरे हातातच राहिले. "कोण, काकी?"

"वेड पांघरून पेडगावला नको जाऊस. राजकोटची. सरोज का कोण ती."

मी उभाच राहिलो. पिशीचं सूप थांबलं. रबीदानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मी सांगितलं नाही म्हणून.

मा म्हणाली, "त्याच्याकडे काय बघतोस? तो बिचारा पूजेपासून माझ्याशी नजर मिळवत नाही, मी काय आंधळी आहे? आणि मला आज कळलेलं नाही. तुझ्याच आईनं सांगितलं, मागच्या साली, डोळ्यांतून पाणी काढून. मी तिला म्हटलं, रडतेस काय, नवरा माझा गेलाय. ते राहू दे. मी विचारते त्याचं उत्तर दे. मासा खाते?"

"नाही काकी," रबीदा म्हणाला. "तिकडे मासा कसला? त्या गल्लीत अंडं शिजवलं तरी घर सोडावं लागतं. काकासुद्धा... काकांनीही किती वर्षं झाली शिवलेला नाही. बाजरीची भाकरी, शेंगभाजी, ताक."

"आणि कुंकू लावते?"

"लावते."

"म्हणजे त्याच्याच नावाचं. आणि जन्मात मासा खाल्लेला नाही."

"नाही."

"आणि त्याला काही झालेलं नाही? ताप, खोकला, काही?"

"काका ठणठणीत आहेत, काकी. जरा पोट सुटलंय."

मानं आपल्या पायांकडे पाहिलं. मग हसली. बाबा, ती खरंच हसली, पण तोंडावर पदर घेऊन. म्हणाली, "बघितलंस दिदी? ती तिकडे ताक पिऊन बसली. तुझा भाऊ इतकी वर्षं मी एकटीनं जगवला."

पिशी म्हणाली, "जगवलास ना, बौ. आता पुरे कर. आता तिची पाळी."

"ती काय खाऊन जगवणार?"

"शेंगभाजी," रबीदा बोलून गेला, आणि जीभ चावली.

त्यावर पिशी एवढी हसली की निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत सांडले. मा हसता हसता थांबली आणि पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं की कशानं, मला सांगता येणार नाही. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. थोड्या वेळानं ती तशीच, न वळता म्हणाली, "रबी, मुरमुरे खा. सादळतील."

संध्याकाळी तिसरी चूल पेटली. पेटवली मानं. माठाची भाजी, दोडका-खसखस, पातळ मूग. मी सवयीनं ताटाच्या काठाला एक पुटी ठेवली. मानं ती दोन बोटांनी उचलली, जरा वेळ हातात धरली, एखादं मोडलेलं कर्णफूल पाहावं तशी उलटून पाहिली, आणि मांजरीपुढे टाकली.

मग पिशीला म्हणाली, "दिदी, उद्या मसूर. तुझ्या चुलीवर. डोळे नाहीत तिला, मी बघितलंय."

पिशी म्हणाली, "बघू."

अनादि


दासपूर, ११ पौष

बाबा,

प्रणाम. सोबत रबीदाच्या धाकट्या भावाच्या हाती एक डबा पाठवतो आहे. उघडताना हलक्या हातानं उघडा.

माचे पाय आता सकाळी उतरलेले असतात, संध्याकाळी थोडे चढतात. डाक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं सगळं परत येत नाही, पण पुढचं जाणं थांबलं आहे असं दिसतं. त्यांनी विचारलं, मासा किती? मा म्हणाली, "दारावरून जातो, हाक मारत नाही." मी अजून आठवड्यातून एकदा खातो, माच रांधून देते. तिला वासानं काही होत नाही. बेरांच्या मोठ्या सुनेनं परवा पाणवठ्यावर पुन्हा विचारलं. मा म्हणाली, "नवरा ठणठणीत आहे माझा, पोट सुटलंय त्याचं. मासा मी माझ्या किडनीसाठी सोडला. तुला किडनी आहे का गं?" सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या तिनं काढलेल्या नाहीत. सिंदूर लावते, पण आता बारीक. मी कारण विचारलं नाही.

पिशीनं मसूर शिजवू दिली. खाल्ली नाही. पण पातेलं तिनंच घासलं.

मागच्या आठवड्यात सांडगे घातले. उडदाची डाळ रात्री भिजवून पहाटे वाटली, आणि यंदा फेसायला पिशी बसली, कारण माला फार वेळ बसवत नाही. मीठ अगदी थोडं. दागिन्यांची नक्षी मात्र मानंच काढली. तुम्ही लग्नाच्या साली घडवून दिलेली पीठ सोडायची पितळी चोच अजून तीच आहे, कापडाला बांधून. खसखशीच्या थरावर तिनं कंगन काढलं, चिक्कहार काढला, मकरमुखी बाळ्या काढल्या. तुम्ही रात्री कोळशानं जमिनीवर काढून दाखवायचात त्याच सगळ्या. मी बघत होतो. तिचा हात कुठे अडला नाही.

त्याआधी रीतीप्रमाणे पहिले दोन मोठे सांडगे, म्हातारा आणि म्हातारी. म्हातारीला सिंदूर, दोघांच्या डोक्यावर दूर्वा, शंख फुंकला. मला वाटलं होतं यंदा ती हे करणार नाही. तिनं केलं, दर वर्षीसारखंच, म्हाताऱ्याचं नाक जरा लांब.

वाळल्यावर डबा भरताना तिनं म्हातारा उचलून मधे ठेवला. पिशी ओरडलीच, "जोडी फोडू नये, बौ!"

मा म्हणाली, "मी कुठे फोडली? ज्याला त्याच्या घरी पाठवते." मग त्याच्याभोवती कागदाचा चुरा कोंबत मला म्हणाली, "त्याला लिही, तळू नकोस म्हणावं. तेल पितो. तिकडच्या पाल्यात टाकून शिजवायला सांग तिला. चांगला लागेल." म्हातारी तिनं फडताळात, लक्ष्मीच्या मागे ठेवली आहे.

तुमच्या मुलीला बाळ्यांच्या आकाराचे द्यावेत, ते कागदात वेगळे बांधले आहेत. हे मानं सांगितलेलं नाही, मीच बांधले. तिला सांगा की हे दागिने खायचे असतात.

मागच्या सगळ्या पत्रांत जी ओळ मागितली होती ती आता नको. ती न येताच काम झालं.

फक्त एक विचारायचं राहिलं. पिशी म्हणते, आजोबांनाही शेवटी हेच दुखणं होतं, पायांपासूनच सुरू झालं. तुम्ही पाटावर दिवसभर मांडी घालून बसता. संध्याकाळी घरी गेल्यावर नडगीवर, हाडाच्या जरा बाजूला, अंगठ्यानं दाबून पाहा. मनात दहा मोजा आणि अंगठा उचला. खळगा भरून आला तर काही नाही. राहिला तर लगेच दाखवा, लांबवू नका. मीठ कमी करा. ताटात आधी भाजी.

भरून येतो, एवढे दोन शब्द लिहून पाठवलेत तरी मला पुरेल. माला दाखवणार नाही. माझ्यासाठीच हवे आहेत.

अनादि